वाचकांचे प्रश्न : वही बागायतदाराची, अ‍ॅप कोणाचंही

गेल्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या: माणसाचा डेटा त्याच्या स्वतःच्या जागेत राहावा, आणि अ‍ॅपने तिथे येऊन परवानगीने काम करावं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं किनारपट्टीवरची आहेत. चार निवडली आहेत. देवगडच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण तिथे प्रत्यक्ष काम सुरू व्हायचं आहे.

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातला. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरी केली, आता गावी राहून कामं घेतो. आमच्या भागातल्या चाळीसेक बागायतदारांसाठी अ‍ॅप करायचं आहे. फवारणी, काढणी, आज कोणाकडे किती आंबा तयार आहे, आणि पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाला बाग कळावी. मागे एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये काही जणांनी तीन हंगामांच्या नोंदी भरल्या. ते अ‍ॅप बंद झालं, नोंदीही गेल्या. माझे काका विचारतात, "तुझा अ‍ॅप उद्या बंद पडला तर माझी वही माका खय गावतली?" म्हणून सॉलिडचा विचार करतोय. पण डेटा चाळीस ठिकाणी विखुरला, तर "आज आंबा कोणाकडे" ही यादी दाखवायची कशी?

उत्तर : काकांचा प्रश्न कागदावर लिहून टेबलासमोर लावा. अ‍ॅपमधला प्रत्येक निर्णय घेताना तो वाचायचा.

ज्यांनी सॉलिडचं नाव ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. पुढे त्याच वेबवर प्रत्येक मोठ्या कंपनीने आपलं वेगळं कोठार बांधलं आणि लोकांचे फोटो, ओळखी, व्यवहार त्यात अडकले. यावर उपाय म्हणून त्यांनी एमआयटीमध्ये सॉलिडचं काम सुरू केलं. 2018 मध्ये त्यासाठी इनरप्ट ही कंपनी निघाली, आणि 2024 पासून प्रकल्पाची देखरेख लंडनच्या ओपन डेटा इन्स्टिट्यूटकडे आहे. कल्पना साधी आहे. प्रत्येकाची वेबवर एक साठवणीची जागा असते, तिला पॉड म्हणतात. प्रत्येकाचा एक पत्ता असतो, तो वेबआयडी. अ‍ॅप त्या पत्त्यावर जातं, मालकाने परवानगी दिली असेल तेवढंच वाचतं किंवा लिहितं. आपल्याकडे नारळ काढायला माडावर चढणारा गडी येतो. तो बदलला तरी माड आपल्याच परसात राहतो. अ‍ॅपचं स्थान त्या गड्याचं.

परवानग्या चार प्रकारच्या असतात: वाचणे, बदलणे, नुसती भर घालणे, आणि परवानग्या ठरवण्याचा अधिकार. तुमच्या कामात तिसरा प्रकार फार मोलाचा आहे. कीटकनाशकाचा अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेला बागायतदाराने "या फोल्डरमध्ये अहवाल टाका" एवढीच मुभा द्यायची. प्रयोगशाळा अहवाल ठेवून जाते, तिला आधीचं काही दिसत नाही. मात्र इथे एक अडचण उभी राहते आणि ती तुम्हाला कोणीतरी विचारणारच. पॉड बागायतदाराचा असेल, तर त्याने अहवालातला आकडा बदलला नाही हे व्यापाऱ्याला कसं कळणार? डेटा कुठे ठेवलाय यावरून ते कळणार नाही. त्यासाठी अहवालावर प्रयोगशाळेची डिजिटल स्वाक्षरी हवी. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2019 मध्ये अशा पडताळता येणाऱ्या दाखल्यांचं मानक काढलं. प्रयोगशाळा तितकी तयार नसेल तर डिजिटल सही केलेली पीडीएफ ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे बागायतदारांना हे समजावणं अवघड जाणार नाही.

आता तुमची यादी. फोनवरून चाळीस पॉड एकामागून एक वाचत बसलात, तर देवगडच्या नेटवर्कवर गिऱ्हाईक कंटाळून जाईल. एक सर्व्हर अडकला की सगळी यादी अडकते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात कोमुनिका नावाचं इंजिन तयार झालं आहे. ते दुव्यांवरून दुव्यांवर जात विखुरलेल्या डेटातून उत्तर शोधतं. अभ्यासासाठी ते जरूर चालवून बघा, मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण रोजच्या बाजारासाठी मी सांगेन की एक सूची ठेवा.

सूची म्हणजे तुमचा नेहमीचाच डेटाबेस, फक्त त्याचा दर्जा वेगळा. मूळ नोंद पॉडमध्ये, सूचीत तिची प्रत. प्रत्येक ओळीसोबत दोन गोष्टी लिहायच्याच: ही नोंद कोणत्या पत्त्यावरून आणली, आणि किती वाजता. सूचीलाही तिचा स्वतःचा वेबआयडी द्या, आणि प्रत्येक बागायतदाराने त्या वेबआयडीला फक्त "आजचा माल" या फोल्डरची वाचण्याची परवानगी द्यावी. फवारणीची वही सूचीला दिसता कामा नये, तिचं तिथे काही काम नाही. पॉडमध्ये बदल झाला की कळवण्याची सोयही सॉलिडमध्ये आहे. त्यामुळे दर मिनिटाला चाळीस दारं ठोठावत बसायची गरज नाही. आणि कसोटी ही: सूची पूर्ण पुसून टाका आणि पॉडमधून पुन्हा उभी करा. ती जशीच्या तशी उभी राहिली, तर काकांना उत्तर मिळालं. एखादी गोष्ट परत आली नाही, तर ती तुम्ही नकळत स्वतःकडे ठेवून घेतली होती. हंगाम सुरू होण्यापूर्वी हे करून बघा.

क्यूआर कोडचंही हेच. पेटीवर छापलेल्या कोडमध्ये तुमच्या अ‍ॅपचा पत्ता घालू नका, बागायतदाराच्या पॉडमधल्या उघड पानाचा घाला. पेटी एकदा वाशीला गेली की तिच्यावरचा कोड तुम्ही बदलू शकत नाही. अ‍ॅप बंद झालं तरी ते पान उघडलं पाहिजे. त्या पानावर बाग, तालुका, काढणीची तारीख आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीचा क्रमांक असावा. हापूसला हे मानांकन 2018 मध्ये मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. परजिल्ह्यातला, परराज्यातला आंबा देवगड म्हणून विकला जातो तेव्हा नुकसान कोणाचं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

यापुढचं काम तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तेच खाणार आहे. चाळीस जणांनी नोंदी एकाच पद्धतीने लिहायला हव्यात. अ‍ॅप बदलता यावं असं वाटत असेल, तर दुसऱ्या अ‍ॅपला तुमच्या नोंदी कळायला हव्यात. सॉलिडमध्ये डेटा आरडीएफ पद्धतीने लिहितात: कोण, काय नातं, कशाशी. "ही फवारणी, या कलमांवर, या तारखेला, हे औषध, लिटरला इतके मिली." यातल्या प्रत्येक नात्याला वेबवर पत्ता असतो. सामान्य गोष्टींसाठी स्कीमा डॉट ऑर्गची शब्दसूची आहे, शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची अ‍ॅग्रोव्हॉक आहे. आधी तिथे शोधा. नाही मिळालं तेवढंच नवं बनवा, आणि बनवलेलं उघड प्रसिद्ध करा. नोंदीचा साचा शॅकल या मानकात लिहून ठेवला, तर अर्धवट किंवा चुकीची नोंद मशीनलाच पकडता येते.

पण साचा लिहायला संगणकापाशी बसू नका. आधी तीन-चार बागायतदारांना खळ्यात बसवा आणि त्यांच्या वह्या उघडा. पेटीत किती डझन आंबे बसतात ते फळाच्या आकारावर ठरतं, म्हणून "पाच पेट्या" ही नोंद हिशोबाला पुरत नाही. फळांची संख्या आणि वजन वेगळं लिहा. तारीख काढणीची की पेटी भरल्याची? तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध कंपनीच्या नावाने लिहायचं की त्यातल्या रसायनाच्या? निर्यातीसाठी मँगोनेटवर बाग नोंदवणाऱ्यांना फवारणीच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे याची उत्तरं तयार असतील. त्यांना आधी भेटा.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. सगळ्या फवारण्या एका मोठ्या फाइलमध्ये साठवू नका, प्रत्येक फवारणीची वेगळी फाइल ठेवा. बागेत नेट नसतं, नोंद आधी फोनमध्ये होणार आणि घरी आल्यावर वर जाणार. बाप आणि मुलगा दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहिलं, तर एकाची नोंद दुसऱ्याची पुसेल. वेगळ्या फाइलींना ही भीती नाही. जिथे तीच फाइल बदलावी लागेल, तिथे "मी वाचली तेव्हापासून ही बदललेली नसेल तरच लिही" अशी अट सर्व्हरला घालता येते. वेबमध्ये ती सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, वापरा.

दुसरी गोष्ट पॉड कुठे ठेवायचे ही. चाळीस बागायतदारांनी चाळीस सर्व्हर चालवायचे नाहीत. तुमच्या बागायतदारांच्या सोसायटीने एक लहान सर्व्हर भाड्याने घ्यावा, त्यावर कम्युनिटी सॉलिड सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम बसवावा. तो मुक्त स्रोताचा आहे आणि एकाच यंत्रावर अनेक पॉड ठेवतो. डोमेनचं नाव, म्हणजे वेबवरचा पत्ता ज्या नावाने सुरू होतो ते, सोसायटीच्या मालकीचं असू द्या, तुमच्या नाही. पॉड दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची वेळ आली तर डोमेन तेच ठेवून हलवता येतो. डोमेन सुटलं तर मात्र सगळे वेबआयडी आणि सगळे छापलेले क्यूआर कोड तुटतात. सॉलिडची ही कच्ची बाजू आहे आणि ती बागायतदारांना आधीच सांगा. हा सर्व्हर नोंदी साध्या फाइलींच्या रूपात साठवू शकतो, तसाच लावा. मग दर महिन्याला प्रत्येकाच्या फोल्डरची प्रत त्याच्या पेन ड्राइव्हवर द्यायची. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते, मराठीत लिहिलेलं मराठीतच दिसतं. काकांना सांगा, वही ह्या पेन ड्राइव्हात गावतली.

सुरुवात मात्र चाळिसांनी करू नका. ज्यांच्या वह्या नीट आहेत असे पाच-सहा जण घ्या, आणि मोहोराच्या फवारणीपासून काढणीपर्यंत एक हंगाम पुरा होऊ द्या.

प्रश्न : हर्णैला आमची नौका आहे. वडील तांडेल. जीपीएसमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले पॉइंट आहेत, कुठे मासळी लागते आणि कुठे खडकात जाळं फाटतं. आता कोणी ना कोणी अ‍ॅप घेऊन येतो, मासळीची नोंद करा म्हणतो. वजन सांगायला हरकत नाही, पण पॉइंट द्यायचे नाहीत. दिले आणि नंतर परवानगी काढून घेतली तर ते परत आपले होतात का?

उत्तर : नाही. पहिल्याच शब्दात सांगितलं, कारण यात कोणी गोलगोल बोलू नये. परवानगी काढली की पुढचं वाचणं थांबतं. जे वाचून स्वतःकडे उतरवून घेतलं, ते कोणत्याही तंत्राने परत येत नाही. कायद्याने पुसायला सांगता येतं, करारात लिहून घेता येतं. पण एकदा पॉइंट दुसऱ्याच्या मशीनमध्ये गेला की तुमच्या वडिलांची ती जागा उघडी पडली असंच धरून चाला.

म्हणूनच देण्यापूर्वीची मांडणी महत्त्वाची. सॉलिडमध्ये परवानगी फाइलवर किंवा फोल्डरवर लागते. एकाच फाइलमध्ये वजन, जात आणि पॉइंट तिन्ही असतील, तर "वजन दाखव, पॉइंट लपव" असं सांगता येत नाही. फाइल मिळाली की सगळंच मिळालं. अ‍ॅप बनवणारे याकडे दुर्लक्ष करतात, कारण एका फेरीची सगळी माहिती एकत्र ठेवणं त्यांना सोपं जातं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला हाच प्रश्न विचारा: फेरीच्या नोंदीच्या किती फाइली होतात, आणि पॉइंट कोणत्या फाइलमध्ये जातो? बंदरावर उतरलेली मासळी, म्हणजे सुरमई किती, बांगडा किती, तारीख कोणती, ही एक फाइल. डिझेल आणि बर्फाचा खर्च दुसरी, ती तुमच्या भागीदारांपुरती. पॉइंटची तिसरी, तिच्यावर घरच्यांशिवाय कोणाचंच नाव नको. या तीन फाइली एकमेकींना दुव्याने जोडता येतात, पण पॉइंटच्या फाइलचा दुवा पहिल्या फाइलमध्ये लिहायचा नाही. उलट दिशेने, पॉइंटच्या फाइलमध्ये फेरीचा दुवा लिहायचा. नाहीतर पॉइंटची नोंद आहे आणि ती कुठे आहे, एवढं तरी बाहेर कळतंच.

संशोधनाला किंवा मत्स्य खात्याला साधारण भाग सांगायची तुमची तयारी असेल, तर अचूक अक्षांश-रेखांश देण्याऐवजी मोठ्या चौकोनाचा क्रमांक द्या. तो चौकोन केवढा हे वडील ठरवतील. आणि जी वस्तू दाखवायचीच नाही, ती नेटवर चढवायचीही गरज नसते. पॉइंट आज नौकेवरच्या यंत्रात आहेत, तिथेच राहू द्या. त्यांची एक प्रत मेमरी कार्डवर घेऊन घरात ठेवा, कारण समुद्राचं पाणी शिरून यंत्र कधी जाईल सांगता येत नाही. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत हे काम सवडीने होईल.

प्रश्न : मी गुहागरला राहणारा निवृत्त शिक्षक. आपल्याकडे डिजिलॉकर असताना हे पॉड वेगळे कशाला?

उत्तर : सर, डिजिलॉकर 2015 पासून आहे आणि त्याने मार्कशीट, वाहन परवाना अशा कागदांचा मोठा त्रास वाचवला. पण तिथे मुख्यतः सरकारी किंवा संस्थांनी दिलेले दाखले असतात, आणि मूळ नोंद देणाऱ्या संस्थेकडेच राहते. तुमच्या बागेची वही, तुमच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली टिपणं, रक्तदाबाच्या रोजच्या नोंदी, ज्यांत तुम्ही आणि तुम्ही निवडलेली अ‍ॅप्स रोज भर घालणार, त्यांच्यासाठी ते बांधलेलं नाही. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. परवानगीने डेटा नेण्याचं आपल्या देशातलं आणखी जवळचं उदाहरण बँकांच्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेचं आहे, ती सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाली. कर्ज मागताना तुमच्या खात्याचा तपशील तुमच्या संमतीने एका बँकेतून दुसरीकडे जातो. संमतीत कारण, मुदत आणि काय काय द्यायचं हे लिहिलेलं असतं, आणि मधल्या अ‍ॅग्रिगेटरला तो तपशील वाचता येत नाही. संमती इतक्या नेमक्या शब्दांत मांडायची पद्धत आपल्याकडे रुळते आहे, याचा मला फार आनंद वाटतो. पॉडवर अ‍ॅप करणाऱ्यांनी ती संमतीची रचना वाचावीच. परदेशात बेल्जियमच्या फ्लांडर्स सरकारने नागरिकांच्या डेटासाठी अथुमी नावाची संस्था काढून सॉलिड वापरायला घेतलं आहे.

प्रश्न : तारकर्लीजवळ आम्ही घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर साठत गेलेत. मुलगा म्हणतो आता कायदा आलाय. शिवाय बुकिंगच्या साइटवर लोकांनी आमच्या जेवणाबद्दल इतकं छान लिहिलंय, पण ती साइट सोडली तर ते सगळं तिथेच राहणार. तुमच्या या तंत्राचा मला काही उपयोग आहे का?

उत्तर : वहिनी, तुमच्यासाठी आज पॉड बसवायची गरज नाही. आधी फोन मोकळा करा.

मुलगा बरोबर सांगतो. व्यक्तिगत डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातलं तत्त्व तुम्ही आजच पाळू शकता: ज्या कामासाठी घेतलं ते काम संपलं आणि दुसरा कायदा ठेवायला सांगत नसेल, तर पुसायचं. पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन, आल्याची आणि गेल्याची तारीख लिहा. ओळखपत्र समोर बघा, परत करा. फोटोप्रत घ्यावीच लागली तर पाहुण्याला मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ज्याचं त्याला मोफत मिळतं. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या माहितीचा फॉर्म (जुना सी फॉर्म) चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, त्यात सवलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो पुसताना गॅलरी आणि फोनचा ऑनलाइन बॅकअपही बघा, तिथे प्रती उरलेल्या असतात.

मतांचं दुखणं खरं आहे. तुमच्या सोलकढीबद्दल कोणी लिहिलं, तर ते लिखाण त्या पाहुण्याचं. पॉडच्या व्यवस्थेत ते त्याच्या जागेत राहतं आणि तुमच्या घराच्या पत्त्याला दुव्याने जोडलेलं असतं. कोणतीही बुकिंग साइट ते वाचून दाखवू शकते, आणि वाईट मत तुम्हाला पुसता येत नाही, म्हणून वाचणाऱ्याचा विश्वासही बसतो. आज पर्यटकांकडे पॉड नाहीत, त्यामुळे हे लगेच होणारं नाही. पण दुवा जोडायला तुमच्या घराचा वेबवर स्वतःचा पत्ता लागेल, आणि तो आज करता येतो. मुलाला सांगा, स्वतःच्या डोमेनवर एक पान करायचं: खोल्या, दर, जेवण, घाटावरून येणाऱ्यांसाठी रस्ता. त्याच पानात स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने तीच माहिती मशीनला वाचता येईल अशी घालायची. ज्या पाहुण्यांनी छान लिहिलंय त्यांच्यातल्या ओळखीच्यांना फोन करून त्यांचे शब्द तुमच्या पानावर घ्यायची परवानगी मागा. साइटवरून परस्पर उचलू नका. घरी जेवून गेलेली माणसं आहेत, आनंदाने देतील.